चेहरा उदास आहे, की उदास वाटतो?



मुंबईत जन्मलेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार अकबर पदमसी (१९२८-२०२०) यांनी अनेक दशके मानवी शिरे रंगविली. तैलरंग, जलरंग, कोळसा अशी माध्यमे बदलत गेली; विषय मात्र सुटला नाही. ही शिरे व्यक्तिचित्रांसारखी दिसतात, परंतु बहुधा ती कोणा ओळखीच्या माणसाची नसतात. त्यांना नाव नाही आणि मागे घर, खिडकी किंवा प्रसंगही नाही.

संपर्कसत्रात अशा एका चित्राची प्रत दाखविली, की पहिले उत्तर ठरलेले असते : ‘चेहरा उदास आहे.’ एकदा मात्र परिचारिका असलेल्या एक विद्यार्थिनी म्हणाल्या, “मला हा चेहरा रडून झाल्यानंतरचा वाटतो. ओठ मिटलेले आहेत, पण आवळलेले नाहीत. रात्रपाळीत रुग्णांच्या नातेवाइकांचे असे चेहरे मी पाहिले आहेत.” दुसऱ्या एकाने डोळ्यांभोवतीच्या गडद छायेकडे बोट दाखवून तेथे दडपलेला राग असल्याचे सांगितले. तिसऱ्याच्या मते तो कर्जाने पिचलेला शेतकरी होता. पण कशावरून, हे त्याला चित्रात दाखविता आले नाही.

आता तीन वाक्ये पाहा. ‘चेहरा उदास आहे’, ‘चेहरा उदास दिसतो’, ‘चेहरा मला उदास वाटतो’. पहिले वाक्य निर्णय देते, दुसरे दृश्याकडे निर्देश करते आणि तिसरे अनुभव घेणाऱ्यालाही वाक्यात आणते. अर्धअमूर्त चित्रासमोर पहिले वाक्य सर्वांत दुबळे ठरते, असे माझे मत आहे. ‘मी रमेशला धावताना पाहिले’ या वाक्यात कोण धावत होते, हे संदर्भावरून कळते. पदमसींच्या शिरांमधून तो संदर्भच काढून घेतलेला आहे. म्हणून तेथील संदिग्धता हा चित्राचा दोष नव्हे. पाहणाऱ्याने आपला संदर्भ घेऊन यावे, यासाठी मोकळी ठेवलेली ती जागा आहे.

तथापि मोकळी जागा म्हणजे मोकाट जागा नव्हे. परिचारिकेचे आणि दुसऱ्या विद्यार्थ्याचे वाचन परस्परविरोधी असूनही दोन्ही टिकतात, कारण दोघांनीही चित्रातील खूण दाखविली. तिसऱ्याचे वाचन सहृदय होते, पण ते चित्राला कोठेही स्पर्श करीत नव्हते.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. उत्तरपत्रिकेत ‘मला वाटते’ लिहू नका, असे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आणि त्याबद्दल गुणही कापले. परिणामी, आयुष्य पाहिलेली प्रौढ माणसे स्वतःचे पाहणे बाजूला ठेवून मार्गदर्शिकेतील वाक्ये उतरवू लागली. चूक ‘मला वाटते’ या शब्दांत नव्हती; त्यांच्यापुढे ‘कारण’ न लिहिण्यात होती.

स्वाध्याय म्हणून कोणतेही एक अर्धअमूर्त व्यक्तिचित्र दहा मिनिटे पाहा आणि एकच वाक्य लिहा : ‘हा चेहरा मला … वाटतो, कारण …’. दुसरी रिकामी जागा भरता आली नाही, तर पहिली खोडा आणि पुन्हा चित्राकडे वळा.