जागा ज्याची, भाव त्याचा

लहान घरात सामान कसे मांडावे, याचा उपदेश करणाऱ्यांची सध्या चलती आहे. नको ते टाकून द्या, पलंगाखाली खण करा, भिंतीवर फडताळे ठोका, वस्तू कमी तर मन हलके, असे हे तत्त्वज्ञान आहे. जपानच्या मारी कोन्दो यांच्या आवराआवरीवरील पुस्तकाच्या जगभर लाखो प्रती खपल्या, आणि आपल्याकडील सुखवस्तू वर्गानेही त्या विचाराला डोक्यावर घेतले. ज्याच्याजवळ गरजेहून अधिक आहे त्याने ते कमी करावे, याला समाजवाद्यांची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती हा उपदेश सरसकट सर्वांच्या माथी मारण्याला. श्रमिकाच्या घरातली अडगळ ही त्याच्या हौसेतून आलेली नसते. ती त्याच्या उपजीविकेची साधने आणि त्याच्या घामाचे फळ असते. ते टाकून द्यायचे म्हणजे काय टाकून द्यायचे?

भोकरदन तालुक्यातील राजूर हे गाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गणपतीमुळे. अंगारकीला तेथे लोटणाऱ्या गर्दीची व्यवस्था कशी लावायची याचा विचार दर वेळी होतो, आणि तो व्हावाही. पण त्याच राजुरात आणि भोवतालच्या खेड्यांत कापूस, सोयाबीन, मका पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दसऱ्यापासून जी दाटी होते, तिची व्यवस्था लावण्याचा विचार कोणी केला आहे? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट आहे, आणि स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली आहे. इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होते. २०१६ साली ते पाच मीटरांनी वाढवले, याचा केवढा डांगोरा पिटला गेला! सपाट प्रदेशातील घरकुलाला केंद्राच्या योजनेने तेव्हा ठरवलेले एक लाख वीस हजार रुपये मात्र सिमेंट, लोखंड, वाळू महाग होत गेली तरी जागचे हलले नाहीत. २०२५ साली राज्य सरकारने त्यात पन्नास हजारांची भर जाहीर केली. एवढ्या पैशात भिंती आणि छत उभे राहिले की लाभार्थी दमतो. फळी, माळा, कोठी यांची पाळी येतच नाही.

आता या २६९ चौरस फुटांत काय काय मावायचे आहे ते पाहा. वर्षाची ज्वारी-बाजरी, तूर, बियाण्याच्या पिशव्या, खताची गोणी, फवारणीचा पंप, विळे-खुरपी, पावसाळ्याचे सरपण, अंथरुणे, मुलांची दप्तरे आणि माणसे. कापसाची वेचणी सुरू झाली की एक खोली त्याचीच होते. माणसे उरलेल्या जागेत नाहीतर अंगणात. कापसाजवळ निजून अंगाला खाज सुटते, ठिणगीची धास्ती रात्रभर राहते, उंदरांची वेगळीच. घरकुलाच्या नकाशाने शेतकऱ्याला केवळ निजणारा प्राणी मानले. तो उत्पादक आहे, त्याचे घर हेच त्याचे कोठारही आहे, हे नकाशा काढणाऱ्याच्या ध्यानात आले नाही, किंवा आले आणि त्याने ते खर्चाच्या भीतीने पुसून टाकले.

यावर काही मंडळी जुन्या घरांचे गोडवे गातात. भिंतीतली बळदे, बांबूच्या कणग्या, गाडग्या-मडक्यांच्या उतरंडी, कोनाडे, शिंकी, जमिनीतली पेवे. पूर्वजांना साठवणीचे शास्त्र अवगत होते, असे ते म्हणतात. शास्त्र होते, यात शंका नाही. पण बळद कोणाच्या भिंतीत होते? ज्याच्याकडे जमीन होती त्याच्या. गावकुसाबाहेरच्या वस्तीत पेव नव्हते. आषाढात ज्याच्या घरातले दाणे संपत, त्याला पेववाल्याच्या दारात जावे लागे, आणि दाणे मिळत ते सवाईने नाहीतर दिढीने. मणाला दीड मण परत करायचा! साठवण ही तेव्हाही घर आवरण्याची कला नव्हती, ती सत्ता होती. ज्याला थांबता येई तो सावकार, ज्याला थांबता येत नसे तो ऋणको.

तीच सत्ता आज बाजार समितीच्या आवारात उभी आहे. सोयाबीन निघते ते दिवाळीच्या तोंडावर. देणी डोक्यावर, घरात जागा नाही, दाण्यात ओल. अशा वेळी सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण जाहीर भाव आणि हाती पडणारा भाव यांतले अंतर शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. शेतकऱ्याकडून तोच माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे काय जास्त असते? अक्कल नव्हे, कष्ट तर नव्हेतच. त्याच्याकडे गोदाम असते.

कोणी म्हणेल, मग शेतकऱ्याने घरात माल धरून ठेवावा. तेही करून झाले आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या पुढे गेला. पुढल्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने मराठवाडा, विदर्भ, खानदेशातील शेतकऱ्यांनी महिनोन्‌महिने कापूस घरात कोंबून ठेवला. भाव वर गेला नाही, तो उतरला. म्हणजे एकट्यादुकट्याने आपल्या झोपायच्या खोलीत थांबणे हे बाजारावरचे उत्तर नाही. ज्या राज्यात १९७२ पासून सुमारे तीन दशके कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली, त्या राज्यात साठवणुकीचा धोका पुन्हा घरोघर वाटून टाकला गेला. योजनेत दोष होते, भ्रष्टाचारही होता. पण दोष काढण्याऐवजी योजनाच काढून टाकली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरील अकरा टक्के आयात शुल्कही वर्षअखेरपर्यंत उठवले. वस्त्रोद्योगाची गोदामे परदेशी गाठींसाठी मोकळी, आणि कापूस उत्पादकाचे गोदाम म्हणजे त्याच्या लेकरांचे अंथरूण!

याच्याच जोडीला एक प्रश्न आहे, आणि तो प्राणाचा आहे. कीटकनाशकाचे डबे कोठे ठेवायचे? एका खोलीच्या घरात ते पिठाच्या डब्याशेजारी, नाहीतर मुलाच्या हाताला लागतील असे खुंटीखाली असतात. संकटाच्या एखाद्या क्षणी विष हाताशी असणे किती घातक ठरते, हे मराठवाड्याला सांगण्याची गरज नाही. याबाबत श्रीलंकेचा अनुभव बोलका आहे. तेथील ग्रामीण भागात शंभराहून अधिक गावांत एक मोठी पाहणी झाली. त्यांतील निम्म्या गावांच्या घरांना कीटकनाशके ठेवण्यास कुलपाच्या पेट्या दिल्या होत्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पेट्यांमुळे विषबाधा कमी झाल्याचे दिसले नाही. उलट, त्याच देशात अतिजहाल कीटकनाशकांवर सरकारने टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले. घराघरात पेटी देऊन जे साधले नाही, ते सार्वजनिक निर्णयाने साधले. आवराआवरीच्या तत्त्वज्ञानाला यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते हवे?

शहरात गेल्याने हा प्रश्न सुटत नाही, तो फक्त दुसऱ्या बाजूने दिसू लागतो. शेतात भागत नाही म्हणून राजूर-भोकरदनकडचा तरुण वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर जातो आणि दहा बाय दहाच्या खोलीत चौघांबरोबर राहतो. तेथे महिन्याचा किराणा ठेवायला फळी नाही, म्हणून पावशेर तेल, अर्धा किलो पीठ असे रोजचे रोज घ्यावे लागते आणि किलोमागे जास्त मोजावे लागते. गावी त्याचा बाप जागेअभावी स्वस्त विकतो, शहरात तो जागेअभावी महाग घेतो. मधली तफावत कोणाच्या गाठीला जाते, हे का सांगायला हवे? आणि जो वाळूजलाही न जाता कोयता घेऊन ऊसतोडीला जातो, त्याचा तर सहा महिन्यांचा संसार एका बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या कोपऱ्यात मावावा लागतो.

एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना दाखवून दिले की भांडवलदार वर्ग हा प्रश्न सोडवत नाही, तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवतो. मुंबईचा इतिहास त्याला साक्षी आहे. १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनाची सदनिका २२५ चौरस फुटांवरून २६९ वर आणि मग ३०० वर गेली. १९८२ च्या संपात ज्यांच्या गिरण्या गेल्या त्या कामगारांना २२५ चौरस फुटांची घरे, तीही वर्षानुवर्षे झगडल्यावर. २०२५ साली वरळीच्या बीडीडी रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची घरे मिळू लागली. ते संघटित राहिले म्हणून मिळाली, हे खरेच. परंतु त्यांच्या पायाखालच्या जमिनीला सोन्याचा भाव आहे, हेही तितकेच खरे. राजूरच्या जमिनीला वरळीचा भाव नाही, म्हणून तेथील माणसाला कमी जागा लागते काय?

आपल्यातील काही साथींना हा विषय क्षुल्लक वाटतो. फळ्या आणि डबे हा बायकांचा प्रश्न, पक्षाने जमीन, पाणी, हमीभाव यांवर बोलावे, असे ते म्हणतात. या साथींनी एक दिवस घरातील स्त्रीच्या हालचाली मोजाव्यात. सकाळी अंथरुणे उचलून गोण्यांवर रचायची, दळणासाठी त्याच गोण्या सरकवायच्या, पाऊस आला की कापूस हलवायचा, पाहुणा आला की पुन्हा सारे हलवायचे, रात्री पुन्हा अंथरायचे. एकाच वस्तूला दिवसात चार वेळा हात लावायचा. जागेची उणीव ती आपल्या श्रमाने भरून काढते आणि त्या श्रमाची नोंद कोणत्याही मजुरीच्या दरपत्रकात नाही. जो पक्ष बिनमोल श्रमाविरुद्ध उभा आहे, त्याने या श्रमाकडे डोळेझाक करावी काय? आणि हमीभावाचेच म्हणाल, तर ज्याला थांबण्याची सोय नाही त्याच्यासाठी हमीभाव हा कागदावरचा आकडाच राहतो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. घरकुलाच्या क्षेत्रफळात धान्य व अवजारांसाठी वेगळी कोठी धरली पाहिजे आणि तिचा खर्च अनुदानात वाढवून दिला पाहिजे. राजूरसारख्या मोठ्या गावाने भोवतालच्या खेड्यांसाठी सार्वजनिक गोदाम मागावे. राज्य वखार महामंडळ १९५७ पासून आहे, ते लहान शेतकऱ्याच्या दहा गोण्यांसाठीही असले पाहिजे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन, तूर, हरभरा, मका ठेवून किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत सहा टक्के व्याजाने कर्ज मिळते. पण त्यासाठी सातबारा लागतो, आणि बटाईने शेत करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. पीक ज्याने काढले त्याला तारण मिळालेच पाहिजे. अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी हवी, आणि उरलेल्यांचा साठा घराबाहेर, गावाच्या देखरेखीखाली हवा.

ही कामे अर्ज-विनंत्यांनी होणार नाहीत. प्रत्येक शाखेने येत्या हंगामात आपल्या गावातील घरकुलांची पाहणी करावी. किती घरांत माणसे आणि माल एकाच खोलीत आहेत, किती जणांनी जागा नाही म्हणून माल काढल्याबरोबर विकला आणि काय भावाने विकला, याची यादी घरातील स्त्रियांना विचारून तयार करावी. ती यादी ग्रामसभेत वाचावी आणि तीच घेऊन तहसीलवर जावे. घर आवरण्याचा उपदेश आम्हांला पुष्कळ झाला. आता ज्यांच्या गोदामात आमचा माल स्वस्तात जाऊन पडतो, त्यांचा हिशेब मागण्याची वेळ आली आहे.