'हाच तो!' म्हणण्याआधी

सिनेमातली ओळख परेड सगळ्यांनी पाहिलेली असते. काचेच्या अलीकडे साक्षीदार, पलीकडे उंचीच्या रेघा मारलेल्या भिंतीला टेकून उभे पाच-सहा जण. हा थाट अमेरिकेचा. आपल्याकडे बहुतेक वेळा तुरुंगातली एखादी खोली, एक ओळ, आणि साक्षीदाराने समोर जाऊन बोट दाखवायचं. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या हिंदी पेपरात हिला 'शिनाख्त परेड' म्हणतात, मुंबई-पुण्याच्या पेपरात 'ओळख परेड', आणि वकील मंडळी नुसतं 'टीआयपी'. या सदराकडे आलेल्या प्रश्नांमध्ये हा विषय दोन-तीनदा आला, म्हणून आज त्याबद्दल.

पहिली गोष्ट अशी की ओळख परेड हा स्वतंत्र पुरावा नाही. साक्षीदार कोर्टात न्यायाधीशांसमोर आरोपीला ओळखतो, तो खरा पुरावा. परेड त्याला फक्त आधार देते. आपल्या मध्य प्रदेशातल्याच मलखानसिंग खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा एकदा स्वच्छ सांगितलं. मग परेड घ्यायचीच कशाला? कारण कोर्टात आरोपी पिंजऱ्यात एकटा उभा असतो. वर्ष-दोन वर्षांनी तिथे त्याच्याकडे बोट दाखवायला स्मरणशक्ती लागतेच असं नाही. आधी, आठवण ताजी असताना, सात-आठ अनोळखी चेहऱ्यांतून त्याला निवडलं असेल, तर त्या बोटाला वजन येतं.

पोलिसांनी या वेळी तिथे थांबायचं नाही, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. १९५१ साली मुंबईत लॉईड्स बँकेवर दरोडा पडला होता. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायालयाने म्हटलं की पोलिसांच्या देखरेखीत झालेली ओळख म्हणजे पोलिसांपुढे दिलेला जबाबच. तो असा पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून परेड घेतात ते दंडाधिकारी, पुष्कळदा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, आणि सोबत पंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये तर आकडेही दिलेत: आरोपी एक असेल तर ओळीत किमान सहा जण, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका वेळी दोनापेक्षा जास्त आरोपी शक्यतो नकोत. आरोपीला ओळीतली जागा स्वतः निवडता येते, पुढच्या साक्षीदाराआधी ती बदलता येते. एक साक्षीदार आटोपला की त्याने बाहेर थांबलेल्यांशी बोलायचं नाही. अटक झाल्यापासून आरोपीचं तोंड झाकून नेतात तेही याचसाठी.

ओळीतले बाकीचे, म्हणजे 'डमी', आरोपीशी मिळतेजुळते हवेत. ऐकायला किरकोळ वाटतं. अडॉल्फ बेकची गोष्ट ऐका, मग वाटणार नाही.

बेक मूळचा नॉर्वेचा, राहायचा लंडनमध्ये. १८९५ च्या डिसेंबरात रस्त्यात एका बाईने त्याला अडवलं: मला फसवून माझी घड्याळं-अंगठ्या नेणारा तो हाच! त्या दिवसांत एक भामटा स्वतःला उमराव म्हणवून बायकांशी ओळख काढायचा, नव्या कपड्यांसाठी खोटा चेक लिहून द्यायचा आणि 'याहून भारी आणतो' म्हणत दागिने घेऊन पसार व्हायचा. फसलेल्या इतर बायकांना बोलावलं गेलं. बेकला रस्त्यावरून आणलेल्या दहा-पंधरा माणसांत उभं केलं. पण त्या ओळीत पिकलेले केस आणि मिशी असलेला बेक एकटाच होता! एकीमागून एक बायकांनी त्यालाच ओळखलं. १८९६ साली सात वर्षांची शिक्षा झाली.

पोलिसांच्या मते १८७७ साली याच पद्धतीने फसवणूक करून शिक्षा भोगलेला जॉन स्मिथ म्हणजे हाच बेक. गंमत बघा, त्या वर्षी बेक दक्षिण अमेरिकेत होता, पण तो मुद्दा न्यायाधीशांनी खटल्यात येऊच दिला नाही. स्मिथ आणि बेक यांच्या शरीरखुणा जुळत नाहीत हे १८९८ साली गृहखात्याला कळलं, तरी शिक्षा कायम राहिली. १९०१ साली तो सुटला. १९०४ साली पुन्हा तशीच तक्रार, पुन्हा बायकांनी ओळखला, पुन्हा दोषी. या वेळी न्यायाधीशांना शंका आली आणि त्यांनी शिक्षा सुनावणं लांबवलं. बेक कोठडीत असतानाच खरा भामटा तोच डाव खेळताना पकडला गेला. बेकला माफी मिळाली, पाच हजार पौंड भरपाई मिळाली, आणि या गदारोळातून १९०७ साली इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय उभं राहिलं. त्याआधी तिथे असं न्यायालयच नव्हतं.

त्या बायका खोटं बोलत नव्हत्या, हे मला यात सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. लबाड साक्षीदाराला उलटतपासणीत पकडता येतं. प्रामाणिकपणे चुकलेल्याला पकडणं फार अवघड, कारण त्याचा स्वतःवर विश्वास असतो.

हा विश्वास कुठून येतो, यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक अस्पष्ट व्हिडिओ दाखवला, मग फोटो दाखवून गुन्हेगार ओळखायला सांगितला. फोटोंमध्ये तो नव्हताच! तरी लोकांनी कुणालातरी निवडलं. त्यानंतर काहींना नुसतं म्हटलं, 'छान, बरोबर ओळखलंत.' एवढ्याने ती मंडळी नंतर सांगू लागली की आम्हाला चेहरा अगदी नीट दिसला होता, आम्हाला पहिल्यापासून खात्री होती. पोलिसांना खोलीबाहेर ठेवण्यामागचं शहाणपण इथे दिसतं.

आता आपल्याकडे या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीसीटीव्हीतला धूसर फोटो येतो, खाली 'हाच तो मोबाइलचोर, फॉरवर्ड करा'. ज्याचा मोबाइल गेला तोही ग्रुपवर असतो. तो फोटो दहा वेळा पाहतो. उद्या परेडमध्ये त्याला जो चेहरा आठवेल, तो रस्त्यावरचा की फोनवरचा, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. बचावाचा वकील तर पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि खरा चोरही त्यामुळे सुटू शकेल. तेव्हा घरात कुणाच्या बाबतीत असं काही घडलं, तर दिसलेलं वर्णन लगेच पोलिसांत सांगा: उंची, वय, आवाज, चाल, जखमेची खूण. तक्रारीत ते येऊ द्या. ग्रुपवरचे फोटो पाहू नका, दुसऱ्या साक्षीदाराशी ताळमेळ जमवू नका. आणि परेडमध्ये कुणी ओळखू आलं नाही तर तसं सांगायला लाजू नका. ओळीत गुन्हेगार असेलच असं नाही.

एका कॉलेजच्या मुलाने विचारलंय, 'मला डमी म्हणून उभं राहायला बोलावलं आणि साक्षीदाराने मलाच ओळखलं तर?' काही होत नाही. ओळीत उभ्या असलेल्यांची नावं परेडच्या पंचनाम्यात लिहिली जातात, साक्षीदाराने चुकीचा माणूस दाखवला अशी नोंद होते, आणि तुम्ही घरी जाता. ती नोंद कदाचित शेजारी उभ्या असलेल्या आरोपीच्या उपयोगी पडेल.