चूल, छप्पर, रक्त आणि सातबारा : ‘कुटुंब’ मोजायचे कसे?

मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरचे एक घर डोळ्यांसमोर आणा. घर काल्पनिक आहे, पण वाशिम जिल्ह्यात राहणाऱ्यांना ते अनोळखी वाटणार नाही. साठी ओलांडलेली आजी, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडे. अंगण एक, चुली दोन. आजी धाकट्याकडे जेवते. साडेतीन एकर कोरडवाहू शेतात सोयाबीन आणि तूर. सातबाऱ्यावर अजून वारलेल्या आजोबांचेच नाव, कारण वारसाचा फेरफार राहून गेला. दिवाळीच्या आगेमागे धाकटा मुलगा आणि त्याची बायको ऊसतोडीला जातात. त्यांचा शाळकरी मुलगा आजीजवळ राहतो आणि तेवढे महिने आजी-नातू थोरल्याच्या चुलीवर जेवतात. मुलगी दिग्रसला दिलेली. रेशन कार्ड सगळ्यांचे मिळून एकच.

आता प्रश्न साधा आहे. या घरात कुटुंबे किती?

रेशन दुकानदार म्हणेल, एक. पावसाळ्यात आलेला सर्वेक्षक म्हणेल, दोन. तोच फेब्रुवारीत आला तर म्हणेल, एक. ऊसतोडीचा मुकादम म्हणेल, माझ्याकडे यातला एक कोयता आहे. यातले कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाची ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या वेगळी आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा एका व्याख्येने गोळा केलेला आकडा दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरला जातो. देशाची जनगणना सुरू होत असताना, आणि आरोग्याच्या बहुतेक योजना ‘कुटुंब’ धरूनच आखल्या जात असताना, हा शब्द एकदा नीट तपासून पाहिला पाहिजे.

जनगणनेची चूल

जनगणना मोजते ते खरे तर कुटुंब नव्हे, तर चूल. जे लोक सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक कुटुंब. त्यांच्यात रक्ताचे नाते असलेच पाहिजे असे नाही. मोजणीसाठी ही व्याख्या उत्तम आहे. प्रगणकाला दारात उभे राहून ठरवता येते, आणि एकच माणूस दोनदा मोजला जाण्याची शक्यता कमी होते.

पण चूल म्हणजे कुटुंब नव्हे, हे समाजशास्त्रज्ञांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या, त्यात एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि नाते या साऱ्यांचा समावेश होता. वरच्या घराला ही फूटपट्टी लावून पाहा. छप्पर एक, चुली दोन, जमीन सामाईक, कुलदैवत एक. मग हे घर एकत्र की विभक्त?

समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा गावाचा अभ्यास १९६४ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. वेगळ्या चुली मांडलेले भाऊ लग्न, आजारपण आणि कर्ज यांत एकमेकांना बांधलेलेच राहतात, हे त्यांनी दाखवले. ए. एम. शहा यांनी तर ‘घर’ आणि ‘कुटुंब’ हे दोन शब्द अभ्यासात वेगळे ठेवण्याचाच आग्रह धरला. त्यामुळे जनगणनेत घरांचा आकार लहान झालेला दिसला, की ‘एकत्र कुटुंब मोडले’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. मोडली ती कदाचित फक्त चूल.

डॉक्टरांचीही दोन कुटुंबे

आरोग्याच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो, कारण प्रत्येक आजार आपले कुटुंब स्वतः निवडतो.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. फुप्फुसाचा क्षय खोकल्यातून हवेत पसरतो. तेव्हा एखादा रुग्ण सापडला, की त्याच्यासोबत त्याच बंद जागेत राहणाऱ्या-झोपणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करायची आणि गरजेनुसार प्रतिबंधक औषध द्यायचे, अशी पद्धत आहे. येथे कुटुंब म्हणजे छप्पर. हवेला नाते कळत नाही. शिक्षणासाठी घरी राहणारा भाचा या कुटुंबात येतो. दिग्रसला दिलेली सख्खी मुलगी येत नाही. ऊसतोडीच्या फडावर एकाच कोपीत झोपणारे लोकही, त्या काळापुरते, एक कुटुंबच.

सिकलसेलचे अगदी उलट. हा आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होतो. एकाकडूनच आले तर माणूस वाहक असतो, आणि वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. पण दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हीतून सुटण्याची २५ टक्के असते. विदर्भात अनेक आदिवासी आणि इतर काही समाजांत हे जनुक आढळते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे आणि ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे.

येथे चूल आणि छप्पर दोन्ही निरुपयोगी. एखाद्या घरातला मुलगा वाहक निघाला, तर त्याच घरात राहणाऱ्या भावजयीपेक्षा दुसऱ्या जिल्ह्यात नांदणाऱ्या बहिणीची तपासणी अधिक निकडीची असते. त्याच्या मामाची, आत्याची, त्यांच्या मुलांचीही. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, हे इरावतीबाईंनीही नोंदवले आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. म्हणून तपासणीची यादी रेशन कार्डावरून केली, तर कुटुंबातला नेमका महत्त्वाचा भाग, म्हणजे सासरी गेलेल्या मुली, यादीबाहेर राहतो.

कोयता नावाचे कुटुंब

तिसरी व्याख्या बाजाराची. ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजला जात नाही. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती या जोडीला, आणि ती फेडायची तीही जोडीने. एकाचा खाडा झाला तर नुकसान दोघांचे.

या हिशेबात बाईचे दुखणे हे तिचे एकटीचे दुखणे उरत नाही. ते जोडीच्या कर्जात मोजले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे अनेक होती, पण बुडणारी मजुरी हे त्यातले एक मोठे कारण असल्याचे महिलांच्या बोलण्यातून पुन:पुन्हा पुढे आले. वाशिमच्या तांड्यांतूनही जोडपी ऊसतोडीला जातात. त्यांच्या आरोग्याची नोंद गावच्या उपकेंद्रात असते, त्रास फडावर होतो, आणि उपचार जिथे मिळतील तिथे होतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आदल्या रात्री त्या घरात मुक्कामी असलेल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांची मुलाखत होते. शास्त्र म्हणून हा नियम योग्य आहे. पण हंगामात सर्वेक्षक तांड्यावर पोहोचला, तर त्याला आजी भेटते, सून भेटत नाही. तिचे हिमोग्लोबिन जिल्ह्याच्या सरासरीत उतरत नाही.

वाशिमचा जुना धडा

कुटुंबाची व्याख्या हा जगण्या-मरण्याचा प्रश्न कसा होतो, हे या जिल्ह्याने वीस वर्षांपूर्वी पाहिले आहे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांवर अहवाल दिला. त्यासाठी वर्धा, वाशिम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्या घडलेली शंभराहून अधिक घरे आणि तशा परिस्थितीतली पण आत्महत्या न झालेली जवळपास तितकीच घरे यांची तुलना केली गेली. पहिल्या गटातल्या घरांवर कर्ज जास्त होते, बैल कमी होते, आणि घरातली माणसे सरासरीने जास्त होती.

या अभ्यासाचे महत्त्व असे, की त्याने एका माणसाच्या मनाऐवजी संपूर्ण घराकडे पाहिले. कर्ज, बैल, लग्नाच्या मुली-बहिणी, औषधपाणी हे सारे घराचे. ओझे मात्र एकाच्या डोक्यावर.

शासकीय मदतीसाठी पाहिले जाणारे कुटुंब याहून अरुंद राहिले. एक लाख रुपयांच्या मदतीला प्रकरण ‘पात्र’ ठरण्यासाठी जमिनीचा कागद लागतो आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. प्रत्यक्षात कोरडवाहू शेतकऱ्याचे कर्ज अनेकदा मेव्हण्याचे असते, कृषी सेवा केंद्राच्या उधारीचे असते, बायकोच्या मोडलेल्या दागिन्यांचे असते. बटईने किंवा मक्त्याने शेती कसणाऱ्याकडे सातबारा नसतो. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर तर तो क्वचितच असतो. संशोधकाला जे घर कर्जात बुडालेले दिसते, ते समितीच्या कागदावर कोरे दिसू शकते. सरकारी पैशाला काही निकष हवेतच, हे मान्य. पण पात्र-अपात्र हा मदतीचा निकष आहे, दुःखाच्या कारणांचा नव्हे. अपात्र प्रकरणे वजा करून ‘आत्महत्या कमी झाल्या’ असे म्हणणे हे शास्त्र नव्हे.

मग योग्य व्याख्या कोणती?

सर्वांना पुरेल अशी एकच व्याख्या नाही, आणि ती शोधूही नये. संसर्ग रोखायचा असेल तर छप्पर मोजा. आनुवंशिक आजारासाठी रक्त मोजा. पोषणासाठी चूल मोजा, आणि त्या चुलीवर शेवटी कोण जेवते तेही विचारा. मानसिक ताणासाठी कर्ज कोणाकोणात वाटले गेले आहे ते पाहा. प्रश्न आधी, व्याख्या नंतर.

योजनांमध्ये याचा हिशेब थेट धान्यात आणि पैशात होतो. अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो धान्य मिळते, माणसे दोन असोत की आठ. प्राधान्य गटात माणशी ५ किलो मिळते. पीएम-किसान योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले, शिवाय नावावर जमीन हवी. सुरुवातीच्या घरात आजोबांचेच नाव सातबाऱ्यावर असेपर्यंत दोघा भावांपैकी कोणीच कागदावर शेतकरी नाही.

म्हणून प्रशासनाकडून दोन गोष्टी अपेक्षित आहेत. कोणत्याही पाहणीचा आकडा जाहीर करताना ‘कुटुंब म्हणजे कोण’ हे त्याच पानावर लिहावे. आणि आशाताईंच्या नोंदवहीत आज घरात असलेल्यांबरोबरच कामासाठी बाहेर गेलेल्यांची आणि सासरी गेलेल्या मुलींचीही नोंद असावी. आशाताईंना हे सारे तोंडपाठ असते. रकाना नसतो इतकेच.

आपल्या दारात

जनगणनेच्या घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात ठरलेला आहे, तर माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा संदर्भक्षण. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. आजवरच्या नियमानुसार मोजणीच्या संपूर्ण काळात जो गावाबाहेर असतो, तो जिथे असेल तिथे मोजला जातो. म्हणजे आपल्या काल्पनिक घरातली धाकटी जोडी कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, कोपीत मोजली गेली पाहिजे. तिथला प्रगणक फडावर पोहोचलाच नाही, तर ती दोघे कुठेच नसतील. २०११ च्या जनगणनेत वाशिमची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती. नवा आकडा कितीही येवो, पुढची अनेक वर्षे शाळा, उपकेंद्रे आणि धान्याचा कोटा त्यावर ठरणार आहे.

घरातले कोणी बाहेरगावी जाणार असेल, तर तिथे मोजणी झाली का, हे फोन करून विचारा. चुली वेगळ्या असतील तर वेगळ्याच सांगा. त्याने भाऊ तुटत नाहीत. वारसाचा फेरफार राहिला असेल तर तलाठ्याकडे अर्ज करा. सिकलसेलचा अहवाल आला असेल तर तो बहिणीला, आत्याला कळवा. आणि कर्जाचा किंवा मनाचा भार एकट्याच्या डोक्यावर साचत असल्याचे घरात कोणाबाबत जाणवले, तर त्याच्याशी बोला. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्या फोनवर रेशन कार्ड किंवा सातबारा लागत नाही.