दिवसाची वीज आणि गांवचें गायरान

शेतकऱ्यास वीज दिवसा मिळावी ही मागणी नवी नव्हे. पंपाची थ्री-फेज वीज कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं द्यावयाची, ही वांटणीची रीत पडली तेव्हांपासून आमचा कुणबी ऐन थंडींत, विंचूकाट्यांत, हातीं बॅटरी घेऊन दारें धरीत आला आहे. 2020 सालच्या अखेरीस आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं, तेव्हां अंधारांत पाण्यावर जाणें म्हणजे काय, हें जिल्ह्याबाहेरच्या लोकांसहि थोडेंबहुत कळलें. आतां सरकारनें या प्रश्नास हात घातला आहे. 2017 सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, 2023 सालीं तिची सुधारलेली दुसरी आवृत्ति आली, आणि 2024 सालीं वैजापूर तालुक्यांतील धोंदलगांव येथें तिचा 3 मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. गांवालगतच्या उपकेंद्राजवळ सूर्यवीज तयार करावी आणि ती त्याच उपकेंद्रांतून निघणाऱ्या शेतीफीडरांस पुरवावी, असा तिचा मुख्य हेतु आहे.

ही योजना मुळांत योग्य आहे असें आमचें मत आहे. तिच्या अंमलाविषयीं मात्र आम्हांस बरेंच लिहावयाचें आहे. तत्पूर्वीं ती योग्य कां, हें सांगणें जरूर आहे.

विजेच्या जाळ्याचा धर्म असा कीं, ज्या क्षणीं वीज निर्माण होते त्याच क्षणीं ती खपली पाहिजे. ज्वारी पेंवांत घालून ठेवतां येते. विजेचें तसें नाहीं. निर्मिति व खप यांचा मेळ बिघडला कीं जाळ्याची गति, जी सेकंदास 50 आवर्तनें असावी लागते, ती ढळते आणि प्रसंगीं सारा प्रांत अंधारांत जातो. कोळशाचें केंद्र मागणी पाहून कमीजास्त चालवितां येतें. सूर्यास कोणी हुकूम देऊं शकत नाहीं. तो माध्यान्हीं भरपूर देतो, आणि शहरांत दिवे लागण्याच्या वेळीं मावळतो. म्हणून दुपारची वीज सायंकाळपर्यंत राखून ठेवण्यासाठीं मोठमोठ्या बॅटऱ्या बसवाव्या लागतात, किंवा अकोले तालुक्यांतील घाटघर येथल्याप्रमाणें पाणी वरच्या तलावांत चढवून तें पुन्हां खालीं सोडावें लागतें. घाटघरचा प्रकल्प 250 मेगावॅटचा आहे. हीं सर्व साधनें खर्चाचीं आहेत.

परंतु शेतीच्या पंपास यांपैकीं कशाचीहि गरज नाहीं. पिकास पाणी दुपारीं दिलें काय आणि सायंकाळीं दिलें काय, विशेष फरक पडत नाहीं. भरणाऱ्या माणसाच्या जिवास मात्र दिवस व रात्र यांत मोठा फरक पडतो. शिवाय उपसलेलें पाणी शेततळ्यांत अगर हौदांत राहतें. शेतकऱ्याचा हौद हीच त्याची बॅटरी. तेव्हां सूर्याची वेळ आणि मोटेची वेळ (आमच्या तोंडीं अजून मोटच येते) एकच असल्यानें, या विजेचा खप व्हावयास शेतीफीडराहून चांगलें ठिकाण नाहीं. त्यांतून ती जवळच खपली म्हणजे लांबलचक वाहिन्या टाकण्याचा खर्च व वाटेंतील गळतीहि वांचते. 2025 सालीं राजस्थानांत सूर्यवीज तयार असूनहि वाहिन्या अपुऱ्या पडल्यामुळें ती अडवून धरावी लागली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें डिसेंबर 2022 मध्यें 2030 पर्यंतची जी आखणी प्रसिद्ध केली, तींत केवळ वाहिन्यांचाच खर्च सुमारें 2 लाख 44 हजार कोटी रुपये धरला होता. गांवची वीज गांवांत खपली तर तेवढा भार हलका होतो.

बीड जिल्ह्यास आणखी एक कारण आहे. परळी वैजनाथ येथील औष्णिक केंद्र 1971 सालापासून चालत आलें. त्याला कोळसा बाहेरून आणावा लागतो व पाणी गोदावरीच्या खोऱ्यांतून. फेब्रुवारी 2013 मध्यें दुष्काळामुळें पाणी न उरल्यानें हें केंद्र सर्वस्वी बंद ठेवावें लागलें, आणि 2015 सालींहि तसाच प्रसंग आला. विजेनें पाणी उपसावयाचें आणि पाण्यावांचून वीज नाहीं, असा हा पेंच आहे. सूर्यवीजेस तावदानें धुण्यापुरतें पाणी पुरतें. बालाघाटच्या पठारावर ज्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांस तेवढेंहि लागत नाहीं. आणि वारा पावसाळ्यांत, म्हणजे ढगांमुळें सूर्यवीज घटते नेमक्या त्या दिवसांत, जोरानें वाहतो. हीं दोन एकमेकांची उणीव भरून काढणारीं आहेत. तरीहि रात्रीसाठीं परळीसारखीं केंद्रें आणखी पुष्कळ वर्षें लागतील, हें विसरून चालणार नाहीं.

2024 सालीं निघालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेकडे पुष्कळांचा ओढा आहे. शेंकडा 10 टक्के हिस्सा भरावयाचा, अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यांनीं 5 टक्के, आणि अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्तीचा, पांच एकरांपर्यंत 5 चा व त्यापुढें साडेसातचा पंप घ्यावयाचा. जेथें तार पोंचलीच नाहीं तेथें हा पंप वरदान आहे. पण जेथें फीडर आहे तेथें आम्ही फीडरच पसंत करूं. एकट्याच्या पंपाचीं तावदानें श्रावण-भाद्रपदांत आणि पिकें निघाल्यावर महिनेच्या महिने रिकामीं तळपत राहतात. त्यांची वीज जाळ्यांत जात नाहीं. उपकेंद्राजवळच्या प्रकल्पाची वीज शेतास नको असेल त्या दिवशीं गिरणीस, पिठाच्या चक्कीस, शहरास जाते.

आतां जमिनीचा प्रश्न. 1 मेगावॅटास सुमारें चार ते पांच एकर जमीन लागते. समजा, एका फीडरावर 5 अश्वशक्तीचे 500 पंप आहेत. ते सर्व एकाच वेळीं चालले तरी 2 मेगावॅटांच्या आंतच मागणी येते. म्हणजे आठ-दहा एकरांत एका फीडराचें काम भागतें. हा कांहीं गांव गिळणारा आंकडा नव्हे. खाजगी जमिनीस सरकारनें हेक्टरीं वार्षिक 1,25,000 रुपये भाडें व दरसाल 3 टक्के वाढ ठरविली आहे. एकरीं 50,000 रुपये ही रक्कम कोरडवाहू बरडास थोडी नव्हे. तथापि 3 टक्क्यांनीं पंचविसाव्या वर्षीं हेक्टरीं भाडें सुमारें 2,54,000 रुपये होतें, म्हणजे जेमतेम दुप्पट. गेल्या पंचवीस वर्षांत मजुरी, खत व सोनें किती पटींनीं वाढलें हें वाचकांनीं स्वतःच आठवावें, आणि मग कोणती जमीन द्यावयाची तें ठरवावें. बरड द्यावें, काळी जमीन देऊं नये.

भाडेपट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असल्यास तो नोंदणीकृतच पाहिजे. त्याची नोंद फेरफारानें सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, तींत मुदत व भाडें स्पष्ट असावें, आणि सामाईक खात्यांत भावाबहिणींच्या सह्या असल्यावांचून कागद पुढें सरकवूं नये. महसुलाच्या दप्तरांत आमचें आयुष्य गेलें. तेथें आम्हीं पाहिलेल्या तंट्यांपैकीं निम्म्यांचें मूळ अपुऱ्या नोंदींत होतें. पीकपाहणीच्या रकान्यांत अशा जमिनीपुढें काय लिहावयाचें, आणि त्या नोंदीवर अवलंबून असणाऱ्या पीककर्जाचें काय, हें पट्टा करण्यापूर्वीं तलाठ्याकडून व बँकेकडून लेखी घ्यावें.

खाजगी जमीन मालक आपल्या अकलेनें देईल. गायरानास असा मालक नाहीं, आणि खरी अडचण तेथेंच आहे. सरकारी जमीन फुकटासारखी मिळत असल्यामुळें अधिकाऱ्यांची नजर प्रथम तिच्यावर जाते. परंतु कागदावर जें रिकामें दिसतें तें जमिनीवर रिकामें असतेंच असें नाहीं. त्यावर गांवचीं शेळ्यामेंढरें चरतात. ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबाची एकुलती एक गाय त्यावर जगते. आणि पुष्कळ ठिकाणीं दलित व भूमिहीन लोक तेथें दोन पिढ्यांपासून बाजरी, तूर पेरीत आले आहेत. सरकारनेंच 1991 सालच्या निर्णयानें 14 एप्रिल 1990 पूर्वींचीं अशीं अतिक्रमणें नियमित करण्याचें ठरविलें. किती जणांचीं नांवें नमुना 1-ई मध्यें नीट चढलीं आणि किती जणांस पट्टा मिळाला, हें ज्या त्या गांवीं पडताळून पाहावें. नांव कागदावर नसलें कीं माणूस 'अतिक्रमक' ठरतो, आणि त्याच्या पेरणीवर खांब रोवले जातात. सर्वोच्च न्यायालयानें 28 जानेवारी 2011 रोजीं जगपालसिंग प्रकरणांत गांवच्या सामाईक जमिनी राखण्याचा दंडक घालून दिला, आणि त्याच वर्षीं राज्य सरकारनेंहि तसा निर्णय काढला. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीस वर्षाला 5 लाखांप्रमाणें तीन वर्षें अनुदान मिळतें. तीन वर्षांचा पैसा आणि पंचवीस वर्षांची जमीन, हा हिशेब ग्रामसभेपुढें मोठ्यानें वाचून दाखविला पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या वाडवडिलांस कुळकायद्यानें जमीन मिळाली. ज्यांस अजून मिळाली नाहीं त्यांच्याविषयीं त्यांनीं तुसडेपणा दाखवूं नये.

या उद्योगांत पैसा येतो तेव्हां त्याच्या मागून दुसरी मंडळीहि येतात. केज तालुक्यांतील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजीं हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशीं तिचा संबंध असल्याचें तपास करणाऱ्यांनीं आरोपपत्रांत म्हटलें आहे. न्यायालय त्याचा निवाडा करील. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कोणती जमीन, कोणत्या दरानें, कोणास दिली हें चावडीवर उघड लिहिलेलें असेल तर मधल्या माणसास खाण्यास जागा कमी उरते.

शेवटीं पाण्याविषयीं. 2024 च्या योजनेप्रमाणें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस मार्च 2029 पर्यंत वीज मोफत आहे. मोफत वीज आणि तीहि दिवसा, असें झाल्यावर बोअर बंद करण्याची आठवण कोणास होईल? ज्या शिवारांत पाणी आधींच खोल गेलें आहे, तेथें ठिबक व पाळी यांचा ठराव गांवकऱ्यांनीं स्वतःच करावा.

येत्या ग्रामसभेंत सभासदांनीं तीन कागद मागावे: आपल्या उपकेंद्रावर किती मेगावॅट मंजूर आहेत व ते कोणत्या फीडरांस जोडले जाणार आहेत त्याची यादी; प्रकल्पाच्या जमिनीचा गट नंबर व नकाशा; आणि गायरान असल्यास नमुना 1-ई चा उतारा. ते तोंडीं मागूं नयेत. अर्जानें मागावे आणि अर्जाची पोंच घ्यावी.