रिलीव्हर नसलेली ड्यूटी



रिलीव्हर आल्याशिवाय ड्यूटी सोडता येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण जी ड्यूटी वर्षानुवर्षे चालते आणि जिला रिलीव्हर कधी येतच नाही, तिचे काय? स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना सांभाळणे ही अशी ड्यूटी आहे. २०२० च्या महामारीने तिचे खरे रूप उघडे पाडले.

चेन्नईचेच पाहा. मे २०२० मध्ये कोयंबेडू बाजारातून साथ पसरली. १९ ते ३० जून शहर पुन्हा कडेकोट बंद झाले. ज्याला आज वार कोणता हे आठवत नाही, त्याला मास्क का लावायचा आणि संध्याकाळची फेरी का बंद, हे कसे समजवायचे? तो वीसदा विचारणार, वीसदा दाराची कडी काढणार. मदतीची बाई येईना, दवाखाना गाठता येईना. आणि घरातला कमावता माणूस? तो 'अत्यावश्यक सेवा' म्हणून मालगाडीवर नाहीतर टपालाच्या थैलीपाशी!

चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेच्या डॉक्टरांनी त्या काळात अशा ३१ सांभाळणाऱ्यांशी फोनवर बोलून त्यांच्या अडचणी नोंदवल्या. संसर्गाची भीती नवी होती, दवाखान्याची अडचण नवी होती. पण बरीचशी ओझी आधीचीच होती. म्हणजे सारे खापर विषाणूवर फोडून सरकारला मोकळे होता येणार नाही.

देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तरी २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याचे नाव नाही. उलट महामारीत आमचा १८ महिन्यांचा महागाई भत्ता गोठवून ३४,४०२ कोटी रुपये वाचवले गेले. त्यात निवृत्तांचाही घास होता. जुलै २०२५ मध्ये आईवडिलांच्या सेवेसाठी रजेचा प्रश्न राज्यसभेत निघाला, तेव्हा उत्तर मिळाले: ३० दिवसांची अर्जित रजा आहेच की! ग्रामीण डाक सेवकाला तर तेवढीही नाही.

कोणी म्हणेल, आईबापांची सेवा हा मुलांचा धर्म, त्यात सरकार कशाला? धर्म आम्ही नाकारत नाही. पण तो पाळते कोण? बहुतेक घरांत बायको, सून किंवा मुलगी, बिनपगारी, बिनसुट्टीची. आणि खरे बोलायचे तर आपल्या तरी मागणीपत्रात तिचे नाव किती वेळा आले?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. आईवडिलांच्या सेवेसाठी स्वतंत्र पगारी रजा द्या. पेरांबूरपासून भायखळ्यापर्यंतच्या रेल्वे इस्पितळांत आणि टपाल कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यांत स्मृती तपासणी व दिवसभराचे सांभाळ केंद्र सुरू करा. पुढच्या साथीत अशा रुग्णासोबत घरच्या माणसाला राहू द्या.

शाखेच्या पुढच्या सभेत हा ठराव मांडा. घरातल्या त्या ड्यूटीलाही रिलीव्हर मिळालाच पाहिजे!