डावखुऱ्यांचा 'उजवा मेंदू'

डावखुरं पोरगं दिसलं की आमच्या कोल्हापुरात दोन प्रकारची माणसं पुढे सरसावतात. पहिली, अंबाबाईच्या प्रसादाला डावा हात पुढे केला की त्यावर चापट मारणारी. दुसरी जरा शिकलेली: "याचा उजवा मेंदू तेज आहे, क्लासला घाला!" मला या दुसऱ्यांचा जास्त राग येतो. ते सायन्सचं नाव घेतात आणि वर फी पण घेतात.

मंडळी, पॉल ब्रोकानं १८६०च्या दशकातच दाखवलं की बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतं. मग डावखुऱ्यांचं उजवीकडे असणार? अजिबात नाही! साधारण ७० टक्के डावखुऱ्यांचीही भाषा डावीकडेच असते. हात बघून मेंदू सांगणं म्हणजे माऊस कुठल्या बाजूला ठेवलाय त्यावरून प्रोसेसर ओळखण्यातला प्रकार झाला.

बरं, मेंदूचं हे डावं-उजवं माणसापुरतं तरी आहे का? कॅनरी पक्ष्याच्या स्वरयंत्राची डावी नस कापली की त्याचं बरंचसं गाणं जातं, उजवी कापली तर फारसं बिघडत नाही, हे १९७०च्या दशकात दिसलं. त्याला कुणी क्लास लावला होता?

आणि आपला सचिन? लिहितो डाव्या हातानं, बॅटिंग उजव्या. त्याला कुठल्या बॅचला बसवणार, बोला!

असो. चापटवाल्या आजीला निदान समजावता तरी येतं. पोराला डाव्या हातानं लिहू द्या, बाकावर डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजारच्याचं कोपर लागणार नाही, आणि डावखुऱ्यांची कात्री मिळते ती आणून द्या. क्लासच्या फीपेक्षा स्वस्त पडेल.