एक सलग रविवार हवा

जळगाव-धुळ्याकडची बाई लोकरीची शाल विणते, असे सांगितले की पुण्या-मुंबईच्या माणसाला हसू येते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांकडे धावणारा पारा, एवढीच खानदेशची ओळख त्याला असते. पण डिसेंबर-जानेवारीत शेतातल्या भरीत पार्टीला जो शेकोटीपाशी बसला आहे, त्याला आमची थंडीही ठाऊक असते. पारा दहाच्या खाली उतरतो आणि केळीच्या बागा वाचवायला शेतकरी रात्री धूर करतात. तेव्हा लोकर आम्हाला परकी नाही. मात्र आज मला लिहायचे आहे ते थंडीविषयी नव्हे, वेळेविषयी.

हातविणीची परंपरा आपल्या घरांत जुनी आहे. बाळंतविड्यातले टोपडे, पायमोजे आणि इवलासा स्वेटर आजी, मावशी किंवा आत्याने विणायचा, असा रिवाजच होता. रुखवतात मुलीच्या हातचे क्रोशाचे रुमाल आणि तोरणे मांडली जात, आणि वरपक्षाच्या बायका ती उलटून मागची बाजूही पाहत. मुलींच्या शाळेत शिवण-विणकामाचा तास असे. थोडक्यात, मुलीच्या हातात सुया देण्याची व्यवस्था समाजाने चोख केली होती. त्या सुया पुढे चालवायला तिला वेळ कोण देणार, याची व्यवस्था मात्र कुणी केली नाही. 'फावल्या वेळात कर,' एवढे सांगून सगळे मोकळे झाले.

या 'फावल्या वेळा'विषयीच माझी तक्रार आहे.

मी राहते जळगावला आणि नोकरी धुळ्याला. आमच्याकडे याला 'अपडाऊन' म्हणतात. जाताना नव्वद किलोमीटर, येताना नव्वद. पर्सबरोबर माझी एक कापडी पिशवी असते. तिच्यात लोकरीचा गोळा, सुया आणि चालू असलेली जाळीची शाल. जाळीच्या विणीचे मर्म तसे साधे आहे. सुईवर धागा एकदा जास्त घेतला की तिथे भोक पडते, आणि शेजारी दोन टाक्यांचा एक केला की एकूण टाके तेवढेच राहतात. भोक कुठे पाडायचे आणि दोनाचा एक कुठे करायचा, या हिशेबातून पाने उमटतात, वेली उमटतात, मोराचा पिसारा उमटतो. हिशेब चुकला तर पिसाऱ्याचे काय होते ते विचारू नये.

सुदैवाने बहुतेक नमुन्यांत परतीची ओळ साधी, उलट टाक्यांची असते. ती न बघताही विणता येते. त्यामुळे माझी वाटणी ठरलेली आहे. गाडी धावत असली की परतीची ओळ, आणि एरंडोल किंवा पारोळ्याच्या स्टँडवर उभी राहिली की नमुन्याची. दर दहा ओळींनंतर वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवते. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि टाका निसटला, तरी उसवण त्या दोऱ्याशी थांबते. एकदा पारोळ्याला चढलेल्या एका आजींनी बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिले आणि विचारले, "हाई काय शे व माय? जाळं शे का?" मी म्हटले, "हो आजी, जाळंच आहे." त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. सुईवर असताना जाळीची शाल खरोखरच गुंतलेल्या जाळ्यासारखी दिसते.

आता थोडा हिशेब करू. १२० टाक्यांची, ३०० ओळींची शाल म्हणजे ३६ हजार टाके. जाळीचे काम म्हणून मिनिटाला १५ टाके धरले तर ४० तास होतात. रोज गाडीत एक तास हाताला लागला, तर ४० दिवसांत शाल सुईवरून उतरते. म्हणजे नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंचे डॉक्टर सांभाळूनही शाल विणून होते. इथपर्यंत 'फावल्या वेळा'ची बाजू मांडणारे खरे ठरतात. तुकड्या-तुकड्यांच्या वेळात चाळीस तासांचे काम नक्की होते.

पण शाल विणून झाली म्हणजे शाल झाली असे नव्हे, आणि हेच न विणणाऱ्यांना माहीत नसते.

सुईवरून उतरलेली जाळीची शाल पोतेऱ्यासारखी दिसते. आकसलेली, सुरकुतलेली, भोके मिटलेली. महिनाभर मोजून घातलेला नमुना कुठे दिसतच नाही. ती कोमट पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढायचे. मग गादीवर किंवा सतरंजीवर स्वच्छ चादर अंथरून तिच्यावर शाल पसरायची आणि चारी बाजूंनी ताणत ताणत न गंजणाऱ्या टाचण्या लावत जायचे. एक टोक ताणले की समोरचे सैल होते. पुन्हा तिकडे जायचे. पट्टीने मापे घ्यायची. शंभर-सव्वाशे टाचण्या सहज लागतात. कंबर बोलू लागते. मग ती पूर्ण वाळेपर्यंत तिला हलवायचे नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पंख्याखाली दोन तासांत काम होते, पावसाळ्यात दीड दिवस जातो. टाचण्या काढल्या की मात्र शाल तशीच राहते, मूळच्यापेक्षा चांगली मोठी, आणि प्रत्येक भोक उघडून पान पान मोकळे झालेले असते. बाजारातली ॲक्रिलिकची लोकर पाण्याने असा ताण धरत नाही. त्यासाठी खरी मेंढीची लोकरच लागते.

हे काम एरंडोलच्या स्टँडवर करता येत नाही. त्याला तीन-चार तासांचा सलग वेळ आणि घरातली एक सपाट, मोकळी जागा लागते. दोन-तीन खोल्यांच्या घरात अशी जागा म्हणजे पलंग. तो दिवसभर अडवायचा, म्हणजे दुपारची वामकुक्षी गेली, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग दुसरीकडे गेला, आणि रविवारी अचानक येणाऱ्या पाहुण्यांना बसायला जागा नाही. 'हे काय मांडून ठेवलंय?' हा प्रश्न मग घरातले प्रत्येक जण एकदा तरी विचारते. म्हणून बाई म्हणते, पुढच्या रविवारी बघू.

आमच्या कार्यालयातल्या एक ज्येष्ठ सहकारी काही वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. विणकामात त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. निरोप समारंभात रिवाजाप्रमाणे त्यांना शाल आणि श्रीफळ दिले गेले. शाल यंत्रावरची, प्लॅस्टिकच्या पिशवीतली. भाषणे झाली, फोटो झाले. नंतर चहा घेताना मी सहज विचारले, "ताई, तुमच्या स्वतःच्या शाली किती झाल्या हो?" त्या म्हणाल्या, "विणून चार झाल्यात. एकही ताणलेली नाही. आता निवृत्तीनंतर बघते." पुढच्याच वर्षी नातू आला. परवा भेटल्या तेव्हा चारही शाली कपाटाच्या वरच्या कप्प्यात तशाच होत्या. चौतीस वर्षे नोकरी केलेल्या बाईच्या खांद्यावर समाजाने यंत्राची शाल टाकली, आणि तिच्या हातच्या शालीला पसरायला एक पलंग मिळाला नाही. या गोष्टीत खलनायक कुणीच नाही. घरातली माणसे चांगली आहेत, आणि म्हणूनच ती मला जास्त टोचते.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराच्या पाहण्या केल्या आहेत. २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली! पण माझा मुद्दा मिनिटांच्या बेरजेचा नाही. ही पावणेपाच-पाच तासांची कामे एका जागी नसतात. पहाटेचा डबा, दुपारचे दळण, संध्याकाळची भाजी, रात्रीचे विरजण, अशी ती दिवसभर विखुरलेली असतात आणि उरलेल्या दिवसाच्या चिंध्या करतात. बाईला वेळ मिळत नाही असे नाही. तिला मिळतो तो चिंध्यांचा वेळ.

यावर दोन उत्तरे हटकून ऐकू येतात. पहिले असे की, हा शेवटी टाइमपास आहे, त्याला एवढे महत्त्व कशाला? दुसरे असे की, एवढे छान येते तर घरबसल्या धंदा का करत नाही? ही दोन्ही उत्तरे एकत्र नांदली की काय होते, हे आंध्रातल्या नरसापूरला दिसले. तिथे हजारो बायका घरी क्रोशाच्या लेस विणत आणि त्या परदेशी जात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. या बायका घरकाम करून रोज तासन् तास लेस विणत होत्या; पण 'घरी बसल्या बसल्या करतात' असे म्हटले की मजुरी नगण्य देता येत होती. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. आपल्या काश्मिरी शालीप्रमाणेच अंगठीतून आरपार जाणाऱ्या जाळीच्या शालींसाठी ती प्रसिद्ध. तिथल्या बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणत. व्यापारी त्यांना रोख पैशांऐवजी दुकानातला माल देत. १८७२ मध्ये सरकारी चौकशीच्या अहवालात ते सगळे नोंदले गेले. 'फावल्या वेळातले' म्हटले की कामाची किंमत पडते, मग ते विकायचे असो वा अंगावर घ्यायचे.

माझ्या मते शाल हा टाइमपासही नाही आणि धंदाही नाही. दिवसभर मी जे करते ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे लागते. पोळ्या संपतात, भांडी पुन्हा घासायला पडतात, कार्यालयातल्या फायली संपल्याच तर नव्या येतात. पूर्ण झाले आणि पूर्णच राहिले, असे माझ्या हातून घडणारे हे एकच काम आहे. ते पूर्ण होण्याच्या आदल्या पायरीवर अडते, म्हणून जीव कासावीस होतो.

आमच्या मातीत याची दोन उदाहरणे आहेत. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी जात्यावर आणि शेतात, कामाच्या ओघात जन्मली. त्यांना लिहिता येत नव्हते. घरातल्या माणसांनी, मुलगा सोपानदेव यांनी, ती उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्या गाण्यांचे पुस्तक निघाले. गाणी चिंध्यांच्या वेळात होऊ शकली, पण ती उलगडून जगापुढे पसरायला घरातल्या कुणीतरी सलग वेळ खर्च केला म्हणून ती राहिली. दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले. १९३२ मध्ये विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तुरुंगातसुद्धा एक रविवार ठरवून राखून ठेवता येतो. आपल्या घरांना ते का जमू नये?

'पुरुषांनाही कुठे वेळ मिळतो?' असे काही वाचक म्हणतील. ज्यांचा तबला गवसणीत पडून आहे त्यांनी तसे जरूर म्हणावे. मी त्यांच्या बाजूची आहे. पण त्यांनी तबला काढून बसायचे ठरवले, तर 'आज बाबा वाजवताहेत, गडबड करू नका,' असे घरात कुणीतरी मुलांना सांगते. आई टाचण्या लावताना हे वाक्य किती घरांत ऐकू येते?

मागणी फार मोठी नाही. तीन महिन्यांतून एक रविवार, एक पलंग आणि एक पंखा. त्या दिवशी जेवण खिचडीवर भागवावे, चहा ज्याचा त्याने करावा, पाहुण्यांना आधी फोन करून यायला सांगावे, आणि जमल्यास कुणीतरी चादरीचे दुसरे टोक धरावे. कुठल्याही कपाटाचा वरचा कप्पा उघडून पाहा. शाल नसेल तर अर्धवट रंगवलेले चित्र असेल, स्वरलिपीची वही असेल, निम्म्यावर आलेली गोधडी असेल. ती कुणाची आहे ते विचारा, आणि तिच्यासाठी कुठला रविवार मोकळा ठेवायचा, हेही आजच ठरवून टाका.